दोर किती वजन घेतो?

गिर्यारोहणाच्या शिबिराच्या पहिल्या सकाळी पालक मुलांना सोडायला येतात तेव्हा आया जेवणाची आणि स्वेटरची चौकशी करतात, आणि वडील रोपच्या वेटोळ्याजवळ येऊन उभे राहतात. काही जण तर वेटोळ्यावरच. त्यांना आधी हात जोडून बाजूला करावं लागतं, कारण बुटाच्या तळव्याची वाळू दोराच्या आवरणातून आत शिरते आणि मग प्रत्येक ताणासरशी आतले धागे कुरतडत बसते. बाजूला झाले की ते विचारतात, "मॅडम, हा दोर किती वजन घेतो हो?"

प्रश्न काळजीपोटी आलेला असतो, म्हणून उत्तर टाळत नाही. खाली उतरायला, म्हणजे रॅपलिंगला, आम्ही स्टॅटिक रोप वापरतो. जाडी साडेदहा-अकरा मिलिमीटर. त्यासाठी जे युरोपीय मानक आहे त्यानुसार 'ए' प्रकारच्या दोराने किमान २२ किलोन्यूटन ताण सोसला पाहिजे. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोचं ओझं, म्हणजे हा हिशेब सव्वादोन टनांवर जातो. गृहस्थांचा चेहरा उजळतो. त्यांचा मुलगा पंचावन्न किलोचा.

मी इथेच थांबले तर सगळेच खूश. पण मी पेशाने मास्तरीण. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि अर्धवट उत्तराला पूर्ण गुण देण्याची सवय नाही. म्हणून पुढे सांगते, की याच मुलाला याच दोराला बांधून चांगलं दोन-चार मीटर पडू दिलं, तर दोर त्याला झेलेल तेव्हा त्याची हाडं शाबूत राहतीलच असं नाही, आणि काही वेळा दोरही राहणार नाही. दोराला वजन कळत नाही, त्याला ताण कळतो. आणि ताण किती येणार हे टांगलेल्या वस्तूच्या वजनावर जितकं अवलंबून, तितकंच ती वस्तू किती अंतरात थांबते यावर. एवढं ऐकून गृहस्थ चहाकडे वळतात. त्यांना ऐकायला सवड नसते ते इथे लिहिते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत दर वर्षी एक जुना प्रयोग करून दाखवते. सामान फारसं लागत नाही: लोखंडी स्टँड, वरखाली दोन हूक असलेलं दोन किलोचं वजन, आणि गोधडी शिवायचा जाड दोरा. दोऱ्याच्या एका तुकड्याने वजन स्टँडला टांगायचं. त्याच रिळाचा दुसरा तुकडा खालच्या हुकाला बांधून मोकळा लोंबू द्यायचा. मग वर्गाला विचारायचं, खालचं टोक ओढलं तर कोणता दोरा तुटेल? लगेच दोन तट पडतात. कुणी वडापावाची पैज लावतो.

आधी हळूहळू ओढते. समजा दोरा तीन किलोला तुटणारा आहे. वरच्या दोऱ्यावर दोन किलो आधीच लटकलेले. खालून एक किलोचा ओढा लागला की वरच्यावर तीन पूर्ण होतात, खालच्यावर एकच. वरचा तुटतो आणि वजन धाडकन खाली येतं. त्यासाठी खाली वाळूचं घमेलं ठेवलेलं असतं. मग दोरा नव्याने बांधायचा आणि या वेळी सणकन हिसका द्यायचा. आता खालचा तुटतो. वजन जागच्या जागी नुसतं डुलतं.

एकच दोरा, एकच वजन, ओढणारा हातही तोच, आणि निकाल उलटा. कारण असं, की वरच्या दोऱ्यावरचा ताण वाढायचा तर तो दोरा थोडा लांबायला हवा. तो लांबायचा तर दोन किलोच्या लोखंडाला खाली सरकायला हवं. समजा फक्त दोन मिलिमीटर. पण खालून तीन किलोचा सगळा ओढा लावला तरी तेवढं लोखंड जागचं हलून दोन मिलिमीटर जायला सेकंदाचा साठावा भाग तरी घेतं. हिसका त्याच्या आत उरकला तर खालचा दोरा तुटून मोकळा होतो आणि वरच्याला खबरही लागत नाही. हळू ओढताना जे वस्तुमान वजन बनून वरच्या दोऱ्याच्या मुळावर आलं होतं, तेच हिसक्याच्या वेळी जडत्व बनून त्याच्या आड उभं राहिलं.

कड्यावर मात्र हिसका देणारं वस्तुमान आपणच असतो.

ऐंशी किलोचा माणूस दोन मीटर मोकळा पडला आणि मग दोराने त्याला धरलं. दोन मीटर पडताना त्याने जी ऊर्जा कमावली ती सगळी दोराने घ्यायची आहे. ती किती अंतरात घ्यायची, यावर बाकीचा हिशेब. दोर एक मीटर लांबला, तर सरासरी ओढा वजनाच्या तिप्पट पडतो. दुसरा एखादा दोर फक्त दहा सेंटिमीटर लांबला, तर एकवीसपट. ही झाली सरासरी. दोर स्प्रिंगसारखा वागतो असं धरलं तर शेवटच्या क्षणाचा सर्वांत मोठा ओढा सरासरीच्या दुप्पट असतो, म्हणजे पहिल्या बाबतीत सहापट आणि दुसऱ्यात बेचाळीसपट. ऐंशी गुणिले बेचाळीस म्हणजे तीन हजार तीनशेसाठ किलो, तेहतीस किलोन्यूटन. आता ते मघाचं सव्वादोन टनांचं आश्वासन काढून बघा. माणूस तोच, उंची तीच, आणि एका दोराने त्याला अलगद झेललं तर दुसरा त्याच्यासकट गेला. गेला नसता तरी माणसाचं काय झालं असतं ते वेगळंच. क्षणभरासाठी शरीर साधारण बारा किलोन्यूटनपर्यंतचा झटका सोसू शकतं, असं धरून गिर्यारोहणाची सगळी मानकं बेतलेली आहेत.

वर्गात या गणिताची एक कड मला फार आवडते. माणूस अजिबात पडलाच नाही, दोर नुसता ताठ होता आणि आपण त्याला खालून दिलेला आधार एकदम काढून घेतला, तरीही दोरावर क्षणभर त्याच्या वजनाच्या दुप्पट ताण येतो. पडण्याची उंची शून्य, तरी दुप्पट! म्हणून रॅपलिंगच्या सुरुवातीला मुलांना आम्ही कड्याच्या तोंडाशी हळू बसायला लावतो. "उडी मारू का?" असं विचारणारा एक तरी असतोच.

दोर लांब असला तर तो जास्त लांबतो, आणि म्हणून कडेकपारीत किती उंचीवरून पडलात यापेक्षा त्या उंचीचं आणि बाहेर असलेल्या दोराच्या लांबीचं गुणोत्तर महत्त्वाचं. याला आम्ही फॉल फॅक्टर म्हणतो. लीड करणारा, म्हणजे सर्वांत पुढे चढणारा, बिले देणाऱ्याच्या, म्हणजे त्याचा दोर सांभाळणाऱ्याच्या, दोन मीटर वर गेला, मध्ये कुठेही दोर अडकवला नाही आणि तो सुटला, तर तो दोन मीटर खाली बिलेपर्यंत आणि आणखी दोन मीटर पलीकडे पडणार. चार मीटरचं पडणं आणि दोन मीटरचा दोर: फॅक्टर दोन. चढाईतलं यापेक्षा वाईट पडणं सहसा नसतं. हेच वीस मीटर दोर बाहेर असताना चाळीस मीटर पडणं झालं तरी फॅक्टर दोनच, आणि दोरावरचा ताणही जवळपास तेवढाच. नवशिक्यांना ते चाळीस मीटर भयंकर वाटतात आणि बिलेजवळचे पहिले दोन मीटर किरकोळ. मला त्या पहिल्या दोन मीटरांचीच धास्ती असते, आणि तिथे पहिली मेख लवकर मारा म्हणून ओरडणारी मी एकटीच खाष्ट नाही.

वजनाचं काय? तेही विचित्र वागतं. मोठ्या पडण्यात माणसाचं वजन दुप्पट केलं तर झटका दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होतो, कारण जड माणूस दोराला जास्त लांबवतो आणि स्वतःच थांबायला जास्त अंतर मिळवतो. उलट दोराचा ताठरपणा दहापट केला तर झटका जवळपास तिप्पट, आणि तारेचा दोर तर त्याहूनही ताठर. "मजबूत पाहिजे ना, मग तारच घ्या की" असं सांगणारे काका प्रत्येक शिबिरात भेटतात. पण पडणाऱ्या माणसाला तार बांधण्यासारखं दुसरं अघोरी काम नाही.

दोर तुटण्याची जगातली सगळ्यात गाजलेली हकिकत आल्प्समधली आहे. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपरच्या सात जणांच्या तुकडीने ४,४७८ मीटर उंच मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पाय ठेवला. उतरताना सातही जण एका माळेत बांधलेले होते. सर्वांत खाली वाटाड्या मिशेल क्रो, त्याच्यावर एकोणीस वर्षांचा डग्लस हॅडो, मग पाद्री चार्ल्स हडसन, अठरा वर्षांचा लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, मग थोरला पीटर टाउगवाल्डर, व्हिंपर, आणि शेवटी धाकटा टाउगवाल्डर. हॅडो घसरला तो क्रोवर आदळला. दोघांच्या ओढीने हडसन गेला, त्याच्या मागोमाग डग्लस. वरच्या तिघांनी खडकाला मिठी मारली. झटका आला आणि थोरला टाउगवाल्डर आणि डग्लस यांच्यामधला दोर तुटला. खालचे चौघे हजार मीटरहून जास्त खोल हिमनदीवर कोसळले. डग्लसचा मृतदेह आजवर सापडलेला नाही.

लगेच कुजबुज सुरू झाली की टाउगवाल्डरने जीव वाचवायला दोर कापला. सिंहगडावर सूर्याजीने दोर कापल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना असल्या संशयाचं नवल वाटायला नको. तिथे परतीची वाट बंद करायला कापले, इथे स्वतः वाचायला, एवढाच फरक. पण चौकशीत टाउगवाल्डर निर्दोष ठरला. मला तर चौकशीची गरजच वाटत नाही, गणित पुरेसं आहे. तुकडीजवळ तीन प्रकारचे दोर होते आणि त्या दोघांच्या मध्ये नेमका सगळ्यात जुना, सगळ्यात कमकुवत, राखीव म्हणून आणलेला दोर बांधला गेला होता. चौघांचं मिळून अडीचशे-तीनशे किलो धरा. त्या काळचे दोर ताग-अंबाडीसारख्या वनस्पतींच्या धाग्यांचे किंवा मनिलाचे, जेमतेम लांबणारे. एवढं वस्तुमान आधीच वेगात, थांबायला अंतर जवळजवळ नाही, आणि मध्ये पातळ दोर. सुरी कशाला लागते? त्या दोराचा तुकडा झेरमॅटच्या संग्रहालयात काचेआड ठेवलेला आहे. तो तुटला नसता तर बहुधा सातही जण गेले असते, हेही गणितच सांगतं.

त्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षं चढाईचा नियम एकच होता: पहिल्या माणसाने पडायचं नाही. दोर दुसऱ्या-तिसऱ्यासाठी. हे बदललं ते नायलॉनने. १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्सने नायलॉन बनवलं. दुसऱ्या महायुद्धात त्याचे दोर आले, आणि १९५३ मध्ये जर्मनीच्या एडेलरिडने आतला गाभा आणि वरचं विणलेलं आवरण अशा बांधणीचा दोर काढला. आज आपण वापरतो तो हाच घाट. नायलॉन मजबूत आहे म्हणून जिंकलं असं लोक समजतात. ते लांबतं म्हणून जिंकलं.

लीड करायच्या डायनॅमिक, म्हणजे लांबणाऱ्या, रोपचं लेबल वाचलंत तर गंमत कळेल. त्यावर किती किलो हा आकडा नसतो. असतं काय, तर किती वेळा पडणं झेललं आणि पहिल्या पडण्यात किती किलोन्यूटनचा झटका दिला. चाचणीत ऐंशी किलोचं लोखंड सुमारे पावणेदोन फॅक्टरने पाडतात, दर पाच मिनिटांनी पुन्हा पुन्हा, आणि दोर एका गोल कडेवरून वळवलेला असतो. सिंगल, म्हणजे एकेरी वापरायच्या, रोपने किमान पाच वेळा न तुटता झेललं पाहिजे आणि पहिला झटका बारा किलोन्यूटनच्या आत राहिला पाहिजे. कोणता दोर निवडायचा ते त्या झटक्याच्या आकड्यावरून ठरतं, आणि तो जितका लहान तितका बरा.

आता पडणं वगैरे काही नाही, हिसका नाही, माणूस आपला शांतपणे लटकलेला आहे, तरी दोर तुटण्याच्या बेताला येतो अशी एक जागा आहे. खंडाळ्याच्या नागफणीवर, म्हणजे ड्यूक्स नोजला, व्हॅली क्रॉसिंग चालतं. दरीच्या या कड्यापासून त्या कड्यापर्यंत दोर ताणायचा आणि त्याला पुली लावून पलीकडे सरकायचं. इथे उत्साही पोरांचा एकच धोशा, "अजून खेचा, ढिला आहे, मध्ये झोळ पडतोय." मला तो झोळ हवा असतो. घरी कपडे वाळत घालायची दोरी कितीही कडक ताणा, ओला टॉवेल टाकला की ती मध्ये खाली येतेच, कारण सरळ आडव्या दोरीला वर उचलायची ताकदच नसते. वजन पेलायला तिला थोडं तिरकं व्हावंच लागतं, आणि जितकी कमी तिरकी तितका तिच्यातला ताण जास्त.

आकडे बघा. चाळीस मीटरची दरी, मधोमध ऐंशी किलोचा माणूस. दोर मध्ये चार मीटर खाली आला असेल तर त्यातला ताण साधारण दोनशे किलो. एक मीटरच खाली आला असेल तर आठशे किलो. अर्धा मीटर, तर सोळाशे. आणि बिलकूल झोळ नको म्हणाल तर ताण अनंत, म्हणजे ते अशक्यच. गाठीने दोराची चौथाई ते तिसरा हिस्सा ताकद आधीच खाल्लेली असते, कारण गाठीत दोर इतका वाकतो की बाहेरच्या बाजूचे धागे सगळा भार ओढतात आणि आतले नुसते दबून बसतात. सव्वादोन टनांतून ते वजा करा आणि मग सोळाशेकडे पुन्हा बघा. वर त्या मधल्या माणसाने मजा म्हणून हिंदकळायला सुरुवात केली की काय होतं ते तुम्हाला आता सांगायला नको. क्रेनवर काम करणाऱ्यांना हे पाठ असतं. दोन पायांचं स्लिंग फार पसरट लावलं, की प्रत्येक पायावर पूर्ण मालाएवढा ताण येतो, म्हणून जाणता माणूस साखळ्या उभट ठेवतो. त्याला त्रिकोणमिती कुणी शिकवलेली नसते.

मध्येच एक गोष्ट सांगते, कारण मुलं हटकून विचारतात. नुसता दोरच, खाली काही न बांधता, किती लांब सोडला तर तो स्वतःच्या वजनाने तुटेल? आमचा स्टॅटिक रोप मीटरला सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतो. बावीस किलोन्यूटनच्या ताकदीला या वजनाने भागलं तर बत्तीस किलोमीटर येतात. मौज अशी, की दोर दुप्पट जाड घेऊन उपयोग नाही. ताकद वाढते त्याच प्रमाणात वजनही वाढतं आणि लांबी तीच राहते. पोलादी तारेच्या दोराची ही लांबी याच्या निम्मी. पोलाद नायलॉनपेक्षा कितीतरी ताकदवान, पण जडही सात पट. खूप उंच इमारतींच्या लिफ्टमध्ये हीच अडचण येते. वर जावं तसतसा तारेचा मोठा भाग नुसती तारच उचलत राहतो.

इतकं सगळं सांगितल्यावर हे कबूल करायला हवं, की कड्यांवर चांगल्या अवस्थेतला आधुनिक दोर नुसत्या झटक्याने तुटल्याचं जवळपास ऐकिवात नाही. दोर जातात ते धारेवर. आपला सह्याद्री बेसाल्टचा, आणि ताज्या तुटलेल्या बेसाल्टची कड सुरीसारखी. सैल दोर त्या कडेवरून घासला तर फक्त पिंजतो. तोच ताणलेला असेल तर भराभर कापला जातो, कारण ताणलेल्या धाग्याला तुटायला फक्त निमित्त हवं असतं. म्हणून कड्याच्या तोंडाशी आम्ही जुन्या जीन्सचे पाय किंवा गोणपाट घालतो, आणि वर बसलेला एक जण ते सरकत नाही ना एवढंच बघत असतो. ते काम कंटाळवाणं आहे, आणि मी ते सगळ्यात बडबड्या मुलाला कधीच देत नाही.

परत आल्यावर दोर तपासायचा तो डोळ्यांपेक्षा बोटांनी. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीतून पूर्ण दोर सरकवायचा, हातभर, हातभर. चांगला दोर सगळीकडे सारखा गोल आणि भरीव लागतो. मध्येच एखादी जागा मऊ लागली, चपटी लागली, किंवा बोटाला गाठोडं लागलं, की तिथे दोराचा छोटा फास करून वाकवायचा. निरोगी दोर सुबक वळण घेतो. आत गाभा तुटलेला असेल तर दोर तिथे एकदम टोकदार मोडतो, आवरण बाहेरून नवं कोरं दिसत असलं तरी. चकाकणारी, कडक झालेली जागा दिसली तर ती उष्णतेची खूण: डिसेंडरवरून, म्हणजे उतरताना दोर ज्यातून सरकतो त्या साधनावरून, कुणीतरी हौसेने सुसाट उतरलं आणि नायलॉन वितळलं. दोरावरून दोर घासला तर तेही हेच करतं, म्हणून ते कधी करायचं नाही. पावसात धबधब्यातून उतरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ओलं नायलॉन कोरड्यापेक्षा कमजोर पडतं. आणि सगळ्यात वाईट शत्रू डोळ्यांना दिसतही नाही. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी ठेवलेल्या दोराला आम्लाचा डाग लागला तर रंग फारसा बदलत नाही, पण नायलॉनची ताकद गेलेली असते. माझ्या संस्थेत बॅटरी ठेवलेल्या गाडीत दोर घालणाऱ्याला सगळ्यांदेखत बोलणी बसतात.

एक भाबडी समजूत उरली आहे ती रस्सीखेचीची, आणि तिचा संबंध दर वर्षी येतोच, कारण आमचे बाद झालेले दोर मागायला गल्लीतल्या गणपती मंडळाची मुलं हजर होतात. "ताई, एवढा मजबूत दोर, फेकून काय देता, आम्हाला खेळाला द्या."

मी देत नाही. कारण सांगताना आधी एक कोडं घालते. इकडे दहा जण, तिकडे दहा जण, प्रत्येक जण पन्नास किलोने ओढतोय. दोरात ताण किती? नव्वद टक्के उत्तरं हजार किलो. खरं उत्तर पाचशे. विश्वास बसत नसेल तर पलीकडची दहा माणसं काढा आणि ते टोक वडाला बांधा. वडाने फक्त जागचं न हलता ओढ धरून ठेवायची आहे, आणि समोरचे दहा जण नेमकं तेच करत होते. ताण एकाच बाजूचा मोजायचा, आणि तो सगळ्यात जास्त असतो मधोमध, जिथे सगळ्यांची ओढ साचलेली असते. म्हणजे दोन्हीकडची माणसं वाढवत गेलात तर मधल्या वितीभर दोराचा जीव जातो, आणि कोण जिंकतंय याच्याशी त्याचा संबंध नसतो.

मग त्यांना तैपेई सांगते. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी तैवानच्या या शहरात सोळाशेहून जास्त लोकांची रस्सीखेच झाली, दोन इंच जाडीच्या नायलॉनच्या दोरावर. त्या वेळच्या वृत्तांनुसार दोराची ताकद सव्वीस टन होती आणि ओढ ऐंशी टनांच्या घरात गेली. दोर तुटला आणि दोन माणसांचे डावे हात खांद्याखालून उखडले गेले. डॉक्टरांनी ते पुन्हा जोडले. माणसं नुसती मागे पडली असती तर खरचटलं असतं. हात गेले ते नायलॉनच्या ज्या गुणाचं मी मघापासून कौतुक करते आहे त्यामुळे. लांबून त्याने साठवलेली सगळी ऊर्जा तुटताक्षणी सुटली, आणि दोर दोन्ही बाजूंना आसूडासारखा फिरला. पडणाऱ्याला वाचवणारा लांबण्याचा गुण ओढणाऱ्याच्या जिवावर येतो. बंदरात जहाजं बांधणारे खलाशी ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहत नाहीत ते यासाठीच, आणि चिखलात रुतलेला टेम्पो नायलॉनच्या दोराने हिसके देऊन काढणाऱ्यांच्या भोवती गर्दी करू नये तेही यासाठीच. आमचा बाद दोर तर आधीच कुठेतरी आतून दुखावलेला. तो मी तुकडे करूनच टाकते, म्हणजे कुणाच्या कामाला येणार नाही.

मुलं थोडी हिरमुसली, पण एका शाळेच्या क्रीडा विभागातून मनिलाचा जाडजूड दोर घेऊन आली, आणि पंच म्हणून मलाच उभं केलं. नियम मी आधीच मोठ्याने वाचून दाखवले: दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, अंगाला बांधायचा नाही, तुटला तर झेप घालायची नाही, आणि एका बाजूला आठ म्हणजे आठच. समोरच्या आळीने उपांत्य फेरीत नववा मध्ये घुसवलाच. शिट्टी मारून त्याला बाहेर काढला, तर म्हणतो कसा, "मॅडम, मी नुसता धरून उभा होतो."